वऱ्हाडचा एकलव्य : कै. केशवराव भोळे

संगीताच्या क्षेत्रात समाज दोन प्रकारच्या माणसांची आठवण ठेवतो. एक गाणाऱ्याची आणि दुसरी गाणे शिकविणाऱ्याची. गाणाऱ्याच्या वाट्यास टाळ्या येतात, शिकविणाऱ्याच्या वाट्यास शिष्यांचे नमस्कार येतात. परंतु ह्या दोघांच्या जोडीला एक तिसरा माणूस असतो. तो बैठकीत मागे बसतो, कान देऊन ऐकतो आणि घरी गेल्यावर आपण काय ऐकले हे प्रामाणिकपणे कागदावर उतरवितो. त्याला ना टाळ्या, ना नमस्कार. उलट ज्याच्या गाण्यातील उणे त्याने दाखविले तो गवई रुष्ट होतो आणि त्या गवयाचे भक्त त्याच्या नावाने बोटे मोडतात. तरीही असा माणूस नसेल, तर पन्नास वर्षांनी कोण कसे गात होते हे सांगावयास कोणी उरत नाही. कै. केशव वामन भोळे हे अशा तिसऱ्या प्रकारचे पुरुष होते. ते पुढे नावाजलेले संगीत दिग्दर्शक झाले, ग्रंथकार झाले. परंतु आमच्या मते त्यांची खरी ओळख जागरूक कानाचा व निर्भय लेखणीचा श्रोता हीच होय.

आमच्या ह्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे यावीत हे योग्यच आहे. तथापि एखादे वर्षी ज्ञातीचे कुंपण ओलांडून प्रांताकडे पाहावे, असे आम्हांस वाटले. केशवराव हे वऱ्हाडच्या मातीतले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील नव्या पिढीस त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते. ज्यांस ठाऊक असते त्यांस ते 'संत तुकाराम' ह्या बोलपटाचे संगीतकार म्हणून. म्हणून त्यांच्या जीवनाचा थोडक्यात परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

केशवरावांचा जन्म सन १८९६ चा, अमरावतीचा. त्या वेळचे वऱ्हाड आजच्यासारखे नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा प्रांत पुढे १९०३ साली मध्य प्रांतास जोडला गेला. कापसाच्या व्यापाराने अमरावती, अकोला, खामगाव ही गावे भरभराटीस आली होती. कापसाचा पैसा आला की त्याच्यामागून गाणेबजावणे, नाटके व कीर्तने येतात. पुण्यामुंबईच्या नाटक मंडळ्या वऱ्हाडात मुक्काम ठोकीत आणि लोक गाड्या जुंपून नाटकास जात. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे रसिक व उदार पुढारी होते. देशभक्ती, वकिली आणि नाट्यसंगीताचा शौक ह्या तिन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले होते.

ज्या वयात मुलाच्या मनावर ठसा उमटतो, त्या वयात केशवरावांभोवती हे वातावरण होते. त्या काळच्या मराठी माणसाची संगीताची पहिली शाळा म्हणजे नाटकच. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून रागदारीची ओळख सामान्य प्रेक्षकास पदांतून होऊ लागली. १९११ साली 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. खेड्यातल्या मुलासही पद म्हणता येत असे. मात्र त्या पदाखाली कोणता राग आहे आणि तो गवई कसा मांडतो, हे सांगणारे कोणी नव्हते. ही उणीव केशवरावांस पुढे भरून काढावयाची होती.

त्या काळी वैद्यकीची पदवी मिळवावयाची तर वऱ्हाडच्या मुलास मुंबईसारख्या दूरच्या शहरी जावे लागे. केशवरावही वैद्यकीच्या अभ्यासासाठी मुंबईस गेले. बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी आपल्याच जिल्ह्यातील शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर ही स्थानके घेत पुढे जाते. ह्याच रुळांवरून वऱ्हाडातील कितीएक होतकरू तरुण वकील व्हावयास, डॉक्टर व्हावयास गेले. त्यांपैकी बहुतेक ठरल्याप्रमाणे वकील किंवा डॉक्टर होऊन परत आले. केशवराव त्यांत बसले नाहीत. मुंबईत त्यांस गाण्याने ओढून घेतले आणि वैद्यकीचा अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला.

ही गोष्ट लिहिताना आम्हा जुन्या शिक्षकाची लेखणी जराशी अडखळते. शिक्षण अर्धे टाकण्याचा कित्ता कोणी गिरवावा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्या काळी डॉक्टरची पदवी म्हणजे घराण्याच्या तीन पिढ्यांची विवंचना मिटणे होय. ती सोडून ज्या विद्येस बाजारात भाव नाही तिच्यामागे जाणे, हे घरच्यांच्या दृष्टीने वेडच असले पाहिजे. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून अभ्यास सोडणारे पुष्कळ असतात. अधिक कठीण अभ्यास करावयाचा म्हणून सोपा सोडणारा विरळा. केशवरावांनी वैद्यकी सोडली ती आरामासाठी नव्हे. पुढील सारे आयुष्य त्यांनी गाणे ऐकण्यात, त्याची चिकित्सा करण्यात, चाली बांधण्यात व त्यांविषयी लिहिण्यात घालविले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील मुंबई म्हणजे संगीताची पेठच होती. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास काढलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ साली मुंबईस आले होते. संगीत ही विद्या शाळेत वर्ग भरवून शिकविता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पं. विष्णु नारायण भातखंडे हे रागांचे वर्गीकरण करीत, चिजा गोळा करून छापीत, परिषदा भरवीत. १९१६ ची बडोद्याची परिषद ही त्यांच्याच परिश्रमाचे फळ. ह्या दोन विष्णूंनी दोन मोठी कामे केली. एकाने संगीतास शाळा दिली, दुसऱ्याने शास्त्र दिले. परंतु शाळा आणि शास्त्र ह्यांनी गाणे पुरते होत नाही. काल रात्री अमुक गवई अमुक राग गायिला, तो कसा गायिला, त्यात काय साधले व काय राहिले, ह्याचा विचार शाळेच्या पाठ्यपुस्तकात येत नाही. तो विचार म्हणजे समीक्षा. तिच्यासाठी तिसरा माणूस लागतो.

त्या वेळी समीक्षा नव्हतीच असे नाही. नाटकांचे अभिप्राय छापून येत, जलशांची वृत्ते येत. परंतु अशा बहुतेक वृत्तांत विशेषणांची खैरात असे. प्रत्येक गवई गंधर्व आणि प्रत्येक बैठक अविस्मरणीय. वाचणाऱ्यास त्यातून गाण्याविषयी काहीच कळत नसे. दुसरीकडे गवयांच्या गोटात घराण्याचा अभिमान इतका कडवा की आपल्या घराण्याबाहेरचे गाणे हे गाणेच नव्हे, असे उघड बोलले जाई. अब्दुल करीम खाँसाहेबांचा हळुवार, एकेक स्वर उमलवीत नेणारा आलाप ज्यांस आवडे, त्यांस अल्लादिया खाँसाहेबांची गुंतागुंतीची, अनवट रागांची गायकी रुचत नसे. आणि ह्याच्या उलटही होई. एका बाजूस पोकळ स्तुती आणि दुसऱ्या बाजूस आंधळा अभिमान. ह्या दोहोंच्या मधून वाट काढणे हे काम सोपे नव्हते.

केशवरावांनी ह्या वाटेवर पाऊल टाकले ते 'एकलव्य' हे नाव धारण करून. ह्या टोपणनावाने त्यांनी समकालीन गायकांवर लेख लिहिले आणि ते 'आजचे प्रसिद्ध गायक' ह्या नावाने पुस्तकरूप झाले. 'शुद्धसारंग' हेही त्यांचे एक टोपणनाव होते. दोन्ही नावे विचार करण्यासारखी आहेत. शुद्ध सारंग हा रागच आहे. त्याचे नाव घेणारा मनुष्य गाण्यातच बुडालेला असणार हे उघड आहे. परंतु एकलव्य ह्या नावात अधिक अर्थ भरलेला आहे, असे आम्हांस वाटते.

महाभारतातील एकलव्याला गुरूने विद्या दिली नाही. त्याने गुरूची मूर्ती मांडून, एकट्याने अभ्यास करून ती मिळविली. केशवरावही कोणा एका घराण्याचे नामांकित गवई म्हणून वाढलेले नव्हते. ज्याचे ज्याचे गाणे कानी पडले, तो तो गवई त्यांनी गुरूच्या ठिकाणी मानला आणि ऐकत ऐकत विद्या साठविली. एकलव्याने गुरुदक्षिणेत अंगठा दिला. केशवरावांनी काय दिले असे कोणी विचारील, तर हातातोंडाशी आलेली डॉक्टरची पदवी दिली, असे उत्तर देता येईल.

टोपणनावाने लिहिण्यास कित्येक लोक भित्रेपणा म्हणतात. निनावी पत्र लिहून दुसऱ्याची निंदा करणारा मनुष्य भित्रा असतो, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु केशवरावांच्या बाबतीत हा न्याय लागू पडत नाही. आपल्या समाजात कोणी काही लिहिले की प्रथम प्रश्न येतो तो लिहिणारा कोण, कोणाचा, कोणत्या गोटातला. अमुक जातीचा, अमुक गुरूचा, अमुक नाटक मंडळीच्या मालकाचा आप्त, असे एकदा कळले की वाचक लेख वाचावयाचे सोडून लेखकाचे गोत्र वाचू लागतो. 'एकलव्य' ह्या नावाने हा प्रश्नच बंद केला. वाचकापुढे राहिले ते केवळ मत आणि त्या मताची कारणे. मत पटले तर कारणांमुळे पटावे, न पटले तर कारणांमुळे न पटावे. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. ज्ञाती आपणांस आधार देते, परंतु गुणाची परीक्षा करताना तिला दाराबाहेर बसवावे लागते. पुढे ह्या टोपणनावामागील गृहस्थ कोण हे सर्वांस कळले आणि त्यांनीही आपल्या मतांची जबाबदारी कधी झटकली नाही.

गवयाची परीक्षा करावयाची म्हणजे काय करावयाचे, हेही येथे थोडे सांगितले पाहिजे. गाणाऱ्याचा आवाज कोणत्या सप्तकात खुलतो आणि कोठे आखडतो? तो स्वरास धक्का देऊन लावतो की मिंडेने अलगद त्यावर जाऊन बसतो? तालाचे आवर्तन तो भरून काढतो की नुसते ओलांडतो? समेवर येताना श्रोत्याच्या मनात ओढ निर्माण होते की सम केवळ हिशेबाने गाठली जाते? चिजेच्या शब्दांचा त्यास आदर आहे की शब्द म्हणजे तान घेण्याची खुंटी? तान कोठे शोभते आणि कोठे ती केवळ कसरत होते? गवयास जे साधत नाही ते तो शहाणपणाने टाळतो की हट्टाने करावयास जातो? असे प्रश्न एकेक गवयापुढे ठेवून उत्तरे शोधली, तर स्तुती व निंदा दोन्ही आपोआप मागे पडतात आणि त्या गवयाचे चित्र उभे राहते. केशवरावांच्या लेखनाचे मोल ह्या व्यक्तिचित्रांत आहे. ते घराण्याचे पोवाडे गात नाहीत. माणूस गाताना कसा दिसतो व कसा ऐकू येतो हे ते दाखवितात.

ह्या कामाचे महत्त्व आज अधिकच जाणवते. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. भास्करबुवा बखले १९२२ सालीच गेले. ह्या दोघांचे गाणे ध्वनिमुद्रिकेत उतरलेले आपणांस लाभले नाही. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांचेही एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत कसा मावावा? त्या पिढीची बैठक कशी होती हे कळण्यास मराठी वाचकापुढे आज मुख्य साधन राहिले आहे ते जाणत्या श्रोत्यांच्या लेखनाचेच. आणि त्या काळीसुद्धा, बुलढाणा किंवा मेहकर येथील रसिकास मुंबईची बैठक कोठून मिळणार? त्यास ती अशा लेखनातूनच मिळत असे.

१९३२ साली केशवरावांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई ह्या मूळच्या गोव्यातील बांदिवडे येथील. माहेरच्या दुर्गा केळेकर. जन्म १९१४ चा. घरात गाण्याची परंपरा. वडील भगिनी गिरिजाबाई केळेकर ह्याही गायिका होत्या. ज्योत्स्नाबाईंचा आवाज व केशवरावांची रचना ह्यांचा संयोग मराठी संगीतास फार फलदायी ठरला. केशवराव स्वतः गात आणि कवितांना चाली लावीत. कवितेचे शब्द व भाव सांभाळून, गाण्यात रागदारीचा आधार ठेवून पण तिचा बडेजाव न माजविता, दहा माणसांच्या मनास भिडेल असे गावे, हा जो भावगीताचा प्रकार पुढे घरोघर पोहोचला, त्याच्या पहिल्या पिढीत ह्या दांपत्याची गणना होते.

समीक्षकाच्या आयुष्यात एक कसोटीचा क्षण असतो. आजवर तू दुसऱ्यांचे उणे काढलेस, आता स्वतः करून दाखव, असे लोक म्हणतात. पुष्कळ समीक्षक हा क्षण चुकवितात. केशवरावांनी तो चुकविला नाही.

१९३३ साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' ही संस्था निघाली. मराठी संगीत नाटक त्या वेळी थकले होते. बोलपट आला होता, मंडळ्या कर्जात बुडत होत्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकास प्रेक्षक मिळेनासा झाला होता. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पदांची संख्या शंभरांनी मोजावी लागे. नंतरच्या नाटकांतही पदांची रेलचेल असे, आणि 'वन्समोअर' मिळाला की कथानक बाजूस राहून गाण्याची बैठकच सुरू होई. ह्या पार्श्वभूमीवर १ जुलै १९३३ रोजी 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्न्सन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते रचिले होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यांत ज्योत्स्नाबाई होत्या. संगीत केशवरावांचे. गाणी मोजकी, प्रसंगातून उगवणारी व थोडक्यात आटोपणारी. गाण्यासाठी नाटक थांबवावयाचे नाही, नाटकासाठी गाणे यावयाचे, हा नवा न्याय होता. दुसऱ्यांच्या गाण्यात कोणता शब्द दाबला गेला व कोणती तान अस्थानी आली हे ज्याने वर्षानुवर्षे टिपले होते, त्याने स्वतः चाल बांधताना संयम पाळला. त्याची टीका आणि त्याची कृती ह्यांत अंतर पडले नाही.

ह्यानंतर केशवराव प्रभात फिल्म कंपनीत आले. कोल्हापुरास १ जून १९२९ रोजी स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली आणि पुण्यातील तिचा पहिला बोलपट 'अमृतमंथन' १९३४ साली निघाला. त्याचे संगीत केशवरावांचे. पुढील दहा वर्षांत 'चंद्रसेना', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माझा मुलगा', 'संत ज्ञानेश्वर', 'संत सखू', 'रामशास्त्री' ह्या बोलपटांस त्यांनी संगीत दिले. देशी वाद्यांच्या जोडीस पियानो, व्हायोलिन, हवायन गिटार ह्यांसारख्या विलायती वाद्यांचाही त्यांनी उपयोग केला. परंतु वाद्य नवे म्हणून वाजवावे असा त्यांचा हव्यास नव्हता.

त्यांपैकी 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा बोलपट आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. दामले व फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांची तुकारामाची भूमिका. मुंबईस तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे कित्येक वर्षे खेडोपाडी, जत्रांतून, तंबूतील पडद्यावर तो दाखविला जाई. आमच्या पिढीनेही तो तसाच, घोंगडीवर बसून पाहिला आहे. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेला एक अभंग तुकोबांच्या गाथेतलाच असे अनेकांस वाटले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु ज्या चालीमुळे तो तसा वाटला तिचेही श्रेय थोडे नव्हे. शब्द कितीही अभंगासारखे असले, तरी चाल नाटकी असती तर भ्रम झाला नसता.

ह्याच बोलपटात एक गोष्ट ध्यानपूर्वक पाहण्यासारखी आहे. आरंभी तुकाराम आपला अभंग शांतपणे, डोळे मिटून गातो. लगेच तेच शब्द सालोमालो देवळात आपले म्हणून हावभावांसह, नाटकी थाटात गाऊन दाखवितो. शब्द एकच, गाणारे दोन. एकाचे गाणे देवाकडे तोंड करून आहे, दुसऱ्याचे श्रोत्यांकडे. शब्द चोरता येतात, पण त्यांमागचा भाव चोरता येत नाही, हे एकही वाक्य न बोलता प्रेक्षकास कळते. आम्हांस तर ही एकलव्याने लेखणी बाजूस ठेवून स्वरांत लिहिलेली समीक्षाच वाटते. दोन गवयांतील भेद दाखविण्यास पानेच्या पाने खर्ची घालावी लागतात. येथे तो भेद निरक्षर शेतकऱ्यासही कळला.

१९३७ सालचा 'कुंकू' हा अगदी वेगळ्या जातीचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो केला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या तरुण मुलीची ही कथा. तीत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाचे टोले, घरातील व रस्त्यावरील आवाज, तबकडीवर लावलेले गाणे, असा जो नाद कथेतूनच उत्पन्न होतो तेवढाच ऐकू येतो. शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही त्यात आहे. संगीतकाराच्या दृष्टीने हा मोठाच त्याग होता. प्रत्येक प्रसंगास वाद्यमेळाची फोडणी देणे सोपे असते आणि त्यात संगीतकाराचे नाव होते. मौन राखणे कठीण. गाणे कोठे नसावे हे ज्यास कळते, त्यासच ते कोठे असावे हे कळते.

प्रभातची कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्या जागेत आज चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. केशवरावांनी त्यानंतर आपले बळ मुख्यतः लेखनाकडे वळविले असे दिसते. १९४९ साली त्यांचे 'संगीताचे मानकरी' हे पुस्तक निघाले होते. १९६४ साली 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. 'अस्ताई', 'अंतरा', 'जे आठवते ते' हीही त्यांचीच पुस्तके. अस्ताई व अंतरा ही चिजेच्या दोन भागांची नावे होत. पुस्तकास नाव देतानाही त्यांचे मन गाण्यातच होते.

ह्यांपैकी 'माझे संगीत' हे आमच्या मते सर्वांत धैर्याचे पुस्तक. संगीतकार सहसा आपल्या चालीचे मर्म सांगत नाही. दैवी देणगी म्हणून विषय संपवितो. केशवरावांनी स्वतःच्या कामाची तपासणी मांडली. प्रसंग काय होता, शब्द कसे होते, गाणारा कोण होता, कोणता स्वर व कोणते वाद्य का निवडले, ह्या दृष्टीने त्यांनी आपल्या रचनांकडे पाहिले. ज्या तराजूत दुसऱ्यांस तोलले त्याच तराजूत स्वतः बसणे, हे समीक्षकाच्या प्रामाणिकपणाचे शेवटचे प्रमाण होय.

केशवरावांस जाऊन आता कित्येक दशके लोटली. ज्योत्स्नाबाई २००१ साली निवर्तल्या. पुण्यास टिळक रस्त्यावर ज्योत्स्नाबाईंच्या नावे सभागृह आहे. केशवरावांचे स्मारक म्हणजे त्यांची पुस्तके व ते बोलपट. समीक्षकाचे पुतळे कोणी उभारीत नाही, आणि त्याबद्दल खंत बाळगण्याचेही कारण नाही.

आता आमच्या जिल्ह्यापुरते थोडे बोलून हा लेख पुरा करतो. आपल्याकडे गाण्याची वाण नाही. गावोगावी भजनी मंडळे आहेत, दिंड्या आहेत, कीर्तने आहेत, शाळांची स्नेहसंमेलने आहेत. चांगल्या गळ्याची मुले-मुली दरवर्षी निपजतात. शिक्षकाच्या धंद्यात आयुष्य घालविताना आम्ही अशी कितीतरी मुले पाहिली. त्यांचे पुढे काय होते? मुलगा पहिल्यांदा गायिला की सारा गाव त्याची वाहवा करतो. सत्कार होतो, नारळ-शाल होते, पाहुणे त्याला गंधर्व म्हणून जातात. त्याचा षड्ज थोडा हलतो आहे, तो द्रुत लयीत पुढे पळतो, शब्द गिळतो, हे त्याला कोणीही सांगत नाही. कारण तो आपला असतो. आपल्या गावचा, आपल्या ज्ञातीचा. दहा वर्षांनी तो जेथे होता तेथेच असतो आणि आपल्यावर अन्याय झाला असे म्हणत असतो. आता तर दूरचित्रवाणीवरील स्पर्धांतही परीक्षकांचे तोंड 'अप्रतिम' ह्या शब्दापलीकडे उघडत नाही. अशा स्तुतीने मूल मोठे होत नाही, ते केवळ फुगते.

आपल्या माणसास खरे सांगणे ही माया नव्हे काय? आई मुलाच्या तोंडाला लागलेली माती पदराने पुसते, ती त्याचा अपमान करण्यासाठी नव्हे. केशवरावांच्या समीक्षेत कठोरपणा असला तरी त्याच्या मुळाशी गाण्यावरचे प्रेम होते. ज्याला गाणे प्रिय आहे, त्याला वाईट गाणे निमूटपणे ऐकवत नाही, आणि चांगल्या गाण्याची किंमत खोट्या स्तुतीने कमी झालेली पाहवत नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधव व भगिनींस अशी विनंती आहे. वार्षिक मेळाव्यात गुणी मुलांचे सत्कार अवश्य करावेत, शिष्यवृत्त्याही द्याव्यात. परंतु त्यांच्याबरोबर प्रत्येक मुलासाठी एक जाणता श्रोता नेमावा. तो ज्ञातीचा असो वा नसो, त्याला गाणे कळत असले म्हणजे पुरे. त्याने वर्षातून दोनदा त्या मुलाचे गाणे बसून ऐकावे आणि काय साधले, काय राहिले, हे त्याला लिहून द्यावे. गावातील वाचनालयांनी केशवरावांची पुस्तके मागवून ठेवावीत. जुनी मिळाली तरी चालतील. गाण्याचा वर्ग काढणे खर्चाचे आहे, पण ऐकण्याचा वर्ग काढण्यास एक खोली व चार सतरंज्या पुरतात. असा वर्ग निघाला, तर वऱ्हाडच्या ह्या एकलव्यास आपल्या जिल्ह्याने खरी आदरांजली वाहिली, असे आम्ही समजू.